रस्त्यावर हस्की सापडला तर काय करायचं? पकडण्यापासून नवीन घर मिळेपर्यंत

मुंबई-पुण्यात हल्ली हस्की, म्हणजे थंड प्रदेशातली दाट केसांची कुत्र्याची जात, पाळलेले बरेच दिसतात आणि त्यामुळे सोडून दिलेलेही दिसायला लागलेत. पिल्लू असताना निळे डोळे बघून हौसेने घेतात, वर्षभरात ते वीस-पंचवीस किलोचं होतं, सोफा फाडतं, रात्री हेल काढून रडतं, घरभर केस, एसीचं बिल वेगळं, मग एक दिवस गाडीत घालून हायवेला सोडून येतात. ब्रीडरकडच्या (विकण्यासाठी पिल्लं काढणाऱ्यांकडच्या) माद्यांची गत तर विचारूच नका, पिल्लं देणं थांबलं की रस्त्यावर. मॅलम्यूट आणि सॅमॉयेड ह्या तशाच दाट केसांच्या जाती त्यामानाने कमी सापडतात, पण पुढचं सगळं त्यांनाही लागू आहे.

आधी पकडायचं कसं ते बघू. हस्की माणसांना सहसा घाबरत नाही, बऱ्याचदा स्वतःच जवळ येतो, पण एकदा बिचकला की पळतो आणि पळण्यात तुम्ही त्याला गाठू शकत नाही, त्यामुळे पाठलाग अजिबात करू नका, उलट तो अजून लांब ट्रॅफिकमध्ये जाईल. त्याच्याकडे तोंड न करता, बाजूला वळून खाली बसा, नजरेला नजर देऊ नका, उकडलेलं चिकन टाका आणि थांबा. ओळखीचा एखादा शांत कुत्रा सोबत असेल तर काम पटकन होतं. गळ्यात पट्टा असला तरी नुसत्या पट्ट्यावर विसंबू नका, मानेवरच्या दाट केसांमुळे पट्टा घट्ट वाटतो आणि हा गडी मागे सरकून डोकं काढून घेतो. ओढलं की आवळणारी स्लिप लीश (फासाची दोरी) वापरा.

उन्हाळ्यात सापडला असेल तर बाकी सगळं सोडून आधी ताप बघा. कुत्र्याचं नॉर्मल तापमान साधारण ३८ ते ३९ डिग्री सेल्सिअस असतं, ४० च्या वर गेलं, जोरजोरात धापा टाकतोय, लाळ गळतेय, पाय लटपटतायत, तर तिथल्या तिथे अंगावर नळाचं पाणी ओतायला सुरुवात करा, पोट आणि जांघेत पाणी कातडीपर्यंत पोचलं पाहिजे कारण वरचे केस पाणी आत जाऊ देत नाहीत. वारा घाला. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, त्याने उष्णता आत कोंडते. पाणी पीत असेल तर थोडं थोडं द्या, तोंडात ओतू नका. थोडं गार झाल्यावर मग गाडीत एसी लावून डॉक्टरकडे. आणि हो, मुंबईची दमट हवा पुण्याच्या कोरड्या उन्हापेक्षा जास्त त्रासदायक असू शकते कारण कुत्रा मुख्यतः धापा टाकूनच गार होतो, हवेतच ओल असेल तर तोंडातलं पाणी उडणार कसं?

इथे हमखास कोणीतरी सांगतं की बिचाऱ्याला एवढे केस, टक्कल करून टाका. नका करू. आतला मऊ थर आणि बाहेरचे लांब केस असे दोन थर असतात, बाहेरचा थर उन्हापासूनही वाचवतो, मुळापासून भादरलं तर कातडी भाजते आणि केस परत नीट येतीलच असं नाही. मेलेले केस ब्रशने आणि अंडरकोट रेकने (आतल्या थरासाठीच्या लांब दात्यांच्या फणीने) काढायचे, एवढंच. जटांच्या खाली जखम किंवा किडे असतील तर मात्र डॉक्टर सांगतील तेवढी जागा कापावी लागते.

डॉक्टरकडे गेल्यावर मायक्रोचिप (मालकाची ओळख पटावी म्हणून कातडीखाली बसवतात ती) स्कॅन करायला सांगा, रक्ताची तपासणी करा आणि गोचीड तापाची टेस्ट नक्की करा, कारण ह्या केसांत गोचिड्या दिसतच नाहीत आणि एर्लिकिया नावाचा गोचीड ताप हस्कीला बाकीच्यांपेक्षा जड जातो. डोळे तपासून घ्या, मोतीबिंदू ह्या जातीत तरुणपणी पण होतो. नाकाजवळ, डोळ्यांभोवती खपल्या दिसल्या तर झिंकच्या कमतरतेचं विचारा, हस्की-मॅलम्यूटमध्ये हा प्रकार ओळखीचा आहे, पण खरूज किंवा बुरशीही असू शकते त्यामुळे मनानेच गोळ्या सुरू करू नका. उपाशी कुत्र्याला दया येऊन ताटभर वाढू नका, दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं. मुंबईत खिशाला खाजगी डॉक्टर परवडत नसेल तर परळचं बैलघोडा हॉस्पिटल आहेच.

मालक शोधायचाच, कारण काही कुत्रे खरोखरच पळून आलेले असतात, हस्की भिंत चढतो, माती उकरून कुंपणाखालून जातो. जवळच्या पोलीस चौकीत लेखी कळवा आणि ग्रुपवर फोटो टाका, पण एखादी खूण लपवून ठेवा, म्हणजे कुठला डोळा निळा किंवा कुठे व्रण आहे वगैरे. फोन करणाऱ्याला तीच विचारायची. आधीचे फोटो, लसीचं पुस्तक, काहीतरी दाखवू दे. सोडून देणाऱ्यावर १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने तक्रार करता येते, फक्त पहिल्या गुन्ह्याचा दंड अजून १० ते ५० रुपये आहे, त्यामुळे त्यातून फार काही होईल अशी आशा धरू नका.

आता खरं काम, नवीन घर. माझं ठाम मत आहे की नसबंदी झाल्याशिवाय हस्की कोणालाही द्यायचा नाही, नात्यातला असला तरी नाही. "हस्की फ्री" अशी पोस्ट टाकली की पहिले फोन ब्रीडिंगवाल्यांचे येतात, गोड बोलतात, बंगला आहे सांगतात, आणि पहिला प्रश्न मेल का फीमेल, दुसरा पेपर (जातीचे कागद) आहेत का. तिथेच ओळखायचं. फॉस्टर (तात्पुरतं सांभाळणारं घर) मिळत नाही म्हणून घाईत देऊ नका, चांगल्या बोर्डिंगमध्ये ठेवून वर्गणी काढलेली परवडते.

दत्तक घेणाऱ्याला "प्राण्यांची आवड आहे का" विचारून काही कळत नाही, सगळेच हो म्हणतात. पहाटे साडेपाचला कोण फिरवणार, त्याचं नाव विचारा. घर भाड्याचं असेल तर घरमालकाशी बोला. दुपारी लाईट गेली तर काय करणार? घरात मांजर, कोंबड्या आहेत का (असतील तर हस्की नको, बहुतेक वेळा शिकार होतेच)? आधीचा कुत्रा होता तो कुठे गेला? ही जात सैबेरियातल्या चुकची लोकांनी स्लेज ओढत मैलोनमैल जायला तयार केलेली, १९२५ ला अलास्कातल्या नोममध्ये घटसर्पाची साथ आली तेव्हा कुत्र्यांच्या टोळ्यांनी बर्फातून आळीपाळीने हजारेक किलोमीटर औषध पोचवलं होतं, टोगो आणि बाल्टो त्यातलेच. तो कुत्रा वन बीएचकेत ठेवून खाली दहा मिनिटं फिरवून आणणार असाल तर सोफा फाटणारच, हे स्पष्ट सांगायचं. राखणीला हवा असेल तरी नाही म्हणा, हा चोराचंही स्वागत करेल.

"हिमाचलला पाठवून द्या" हा सल्ला फार येतो. चांगलं घर मिळत असेल तर जरूर पाठवा, पण थंडी आहे म्हणजे सगळं आहे असं नाही, तिकडे बिबटे कुत्रे उचलतात, उगाच नाही तिथले मेंढपाळ कुत्र्यांच्या गळ्यात खिळ्यांचे लोखंडी पट्टे घालत. अंगणात मोकळा ठेवणार असतील तर पुण्यातला एसीवाला फ्लॅट बरा. पाठवायचंच असेल तर ट्रेनच्या फर्स्ट एसीत अख्खा कूपे किंवा केबिन आपल्याच नावावर लागते आणि डॉक्टरचं फिटनेस सर्टिफिकेट लागतं. उन्हाळ्यात लगेज व्हॅनच्या डॉग बॉक्समध्ये हस्की टाकायचा विचारही करू नका.

देताना घर प्रत्यक्ष बघा, बाल्कनीची जाळी हलवून बघा, आधारची कॉपी घ्या आणि कागदावर लिहून घ्या की विकायचा नाही, दुसऱ्याला द्यायचा नाही, जमलं नाही तर परत तुमच्याकडेच. सोसायटीवाले कुरकुर करतील तर प्राणी कल्याण मंडळाचे नियम प्रिंट काढून द्या, त्यात पाळीव कुत्र्यावर सरसकट बंदी घालता येत नाही असं आहे, पण रात्रीच्या रडण्याची तक्रार खरी असते, त्यासाठी संध्याकाळी दमवणं आणि गोठवलेलं ताक किंवा कांदा-मीठ न घातलेलं चिकनचं पाणी चाटायला देणं ह्याचा उपयोग होतो. पहिले दोन आठवडे ट्रायल धरा. ह्या काळात हार्नेस (छातीभोवतीचा पट्टा) आणि गळ्यातला पट्टा दोन्हीला लीश, दार उघडताना आधी कुत्रा बांधलेला, आणि मोकळं सोडणं नाहीच, ना टेकडीवर ना बीचवर, हाक मारली की येईल ह्या भरवशावर तर मुळीच नाही. दर रविवारी व्हिडिओ मागवा. दोन रविवार उत्तर आलं नाही तर फोन करत बसू नका, सरळ घरी जाऊन बेल वाजवा.