रोमन सम्राट नीरोवर लिहिताय? मग या चुका टाळा

कुठे पूर आला आणि त्याच वेळी एखादा पुढारी परदेश दौऱ्यावर असला, की 'रोम जळत असताना नीरो फिडल वाजवत होता' हे वाक्य छापून येतंच. टोमणा म्हणून चालेल. इतिहास म्हणून लिहिणाऱ्याचा पाय मात्र इथेच घसरतो.

फिडल तेव्हा जन्मालाही आलं नव्हतं. नीरो वाजवायचा तो किथारा, तारा छेडून वाजवायचं वाद्य. शिवाय इ.स. 64 च्या जुलैमध्ये रोमला आग लागली तेव्हा तो रोममध्ये नव्हताच, अँटियमला समुद्रकिनारी होता. परतल्यावर त्याने बेघरांना स्वतःच्या बागा मोकळ्या करून दिल्या, धान्याचा भाव उतरवला. हे रोमन इतिहासकार टॅसिटसच सांगतो. आग बघत नीरोने ट्रॉय या प्राचीन शहराच्या विध्वंसाचं गाणं म्हटलं, हे मात्र तो अफवा म्हणून नोंदवतो. पुढच्यांनी 'अफवा' हा शब्द तेवढा गाळला.

'महाल बांधायला जागा हवी म्हणून आग लावली' हेही जपून लिहा. आग सर्कस मॅक्सिमस या रथशर्यतींच्या मैदानाजवळच्या दुकानांतून सुरू झाली आणि नीरोचा स्वतःचा महालही तिच्यात गेला.

दोन वर्णनं जुळत नसतील तर आधी लेखकाचा काळ बघा. आगीच्या वेळी टॅसिटस आठेक वर्षांचा पोरगा होता, नीरोचं चरित्र लिहिणारा सुएटोनियस जन्मला नव्हता, आणि इतिहासकार डायोने लिहिलं ते थेट तिसऱ्या शतकात. तिघेही वरच्या वर्गातले, आणि त्या वर्गाचं नीरोशी फाटलेलं. तरी नीरोच्या थडग्यावर लोक कितीतरी वर्षं फुलं वाहत होते, हे सुएटोनियसलाही लपवता आलं नाही.

आता उलटी चूक, हल्ली जास्त दिसणारी: 'बिचारा नीरो, उगाच बदनाम झाला'. छे! इ.स. 59 मध्ये त्याने सख्ख्या आईला, अ‍ॅग्रिपिनाला, मारायला आपोआप मोडून पडेल अशी होडी रचली. रात्री शिसं भरलेलं छत कोसळलं. सोबतची अ‍ॅसेरोनिया अंधारात ओरडली, 'मीच अ‍ॅग्रिपिना, वाचवा!' तिला वल्ह्यांनी ठेचून मारलं. खरी अ‍ॅग्रिपिना तोंडातून अवाक्षर न काढता पोहत निघाली आणि वाटेत भेटलेल्या छोट्या होड्यांतून किनाऱ्याला पोचली. मग घरी माणसं धाडून तिला संपवलं. हाही टॅसिटसच. होडीचा प्रसंग जरा नाटकी आहे, तपशिलावर हवं तर काट मारा. खून मात्र खोडता येत नाही.