हॉस्टेलवर राहून सिगरेट आणि व्हेप कसं सोडायचं

मी तीन वर्षं ओढत होतो आणि दोनदा सोडून परत चालू केली, तेव्हा कळलं की निकोटिनच्या बरोबरीने टपरी पण सोडवायला लागते. लेक्चर सुटलं की टपरी, सबमिशनच्या रात्री टपरी, व्हायवा झाला की टपरी, आणि हातात चहा आला की दुसरा हात आपोआप पुढे जातो. त्यामुळे आधी तीन दिवस काहीच सोडू नका, फक्त मोबाइलमध्ये लिहा, किती वाजता ओढली, कोणासोबत, आणि कोणाच्या पाकिटातली. माझ्या निम्म्याहून जास्त दुसऱ्यांनी दिलेल्या निघाल्या!

मग तारीख ठरवा. परीक्षेचा आठवडा नको. सगळ्यात भारी वेळ म्हणजे गणपती किंवा दिवाळीला घरी जाता तेव्हा, कारण घरी आईबाबांसमोर तसंही ओढता येत नाही, आणि चिडचिड, डोकं दुखणं, लक्ष न लागणं हा त्रास पहिल्या २-३ दिवसांतच सगळ्यात जास्त असतो, नंतर ३-४ आठवड्यांत बराच ओसरतो. म्हणजे अवघड भाग घरच्या जेवणावर निघून जातो. खरा धोका परत येताना, एसटीतून उतरल्या उतरल्या स्टँडच्या बाहेर. त्या दिवशी मित्राला न्यायला बोलवा आणि त्याला आधीच सांगून ठेवा, "मी मागितली तरी देऊ नकोस."

चहा निम्म्यावर आणा, हे कोणी सांगत नाही. धुरामुळे शरीरात कॅफिन लवकर संपतं, सिगरेट बंद झाली की तेवढाच चहा जास्त चढतो, मग झोप नाही, छाती धडधडते आणि आपल्याला वाटतं सोडल्यामुळे काहीतरी बिघडलं.

तलफ आली की ती काही मिनिटांचीच असते, तेवढ्यात जागा बदला, खाली चक्कर मारा, घरी फोन लावा. मेडिकलमध्ये निकोटिन गम मिळतो, २ आणि ४ मिलिग्रॅमचा. सकाळी उठल्यावर अर्ध्या तासात पहिली लागत असेल तर बहुतेक ४ चा लागतो, पण डॉक्टरला विचारूनच घ्या. बबलगमसारखा चघळत बसू नका, थोडा चावा, झणझणलं की गालात दाबून ठेवा, चव गेली की परत चावा. आणि त्याआधी १५ मिनिटं चहा-कॉफी नको, नाहीतर निकोटिन नीट शोषलं जात नाही.

आता व्हेप, म्हणजे बॅटरीवर चालणारी ई-सिगरेट. "सिगरेट सोडलीये, फक्त व्हेप करतो" असं म्हणणारे माझ्या मजल्यावर चार जण होते आणि त्यातले तिघं दोन्ही ओढत होते. सिगरेट निदान संपते, व्हेपला शेवटच नाही, पांघरुणात, बाथरूममध्ये, झोपताना, कुठेही. भारतात २०१९ च्या कायद्याने त्याची विक्री, आयात, साठवण सगळं बंद आहे, त्यामुळे हातात येतं ते चोरट्या मार्गाने आलेलं, त्यावर लिहिलेला निकोटिनचा आकडा खरा की खोटा कोण तपासणार? म्हणून व्हेप आणि सिगरेट एकाच तारखेला बंद करा. उरलेलं ज्युनियरला देऊ नका प्लीज, त्याला आपणच लावल्यासारखं होतं. आत लिथियम बॅटरी असते, त्यामुळे कचऱ्याच्या डब्यात नाही, ई-कचऱ्यात टाका.

एकट्याने जमत नसेल तर १८००-११-२३५६ वर फोन करा, सरकारची क्विटलाइन आहे, फुकट आहे, सिगरेटच्या पाकिटावर पण हाच नंबर छापलेला असतो. मला लाज वाटत होती म्हणून मी दोन महिने उगाच घालवले.

बर्थडेला एखादी ओढली गेली तर "आता गेलंच सगळं" म्हणून पाकीट घेऊ नका. ती कशामुळे ओढली ते त्याच नोट्समध्ये लिहा आणि दुसऱ्या दिवशी परत तसंच चालू ठेवा. टपरीवर मात्र पहिले तीन आठवडे जायचंच नाही, मित्रांना मेसमध्ये किंवा कट्ट्यावर भेटा, जे खरंच आपले असतात ते येतात तिकडे.