बोन मॅरोच्या रिपोर्टमधली रक्तवाहिन्यांची ओळ कशी वाचावी

मी वाशीतल्या एका लॅबमध्ये हिस्टोपॅथॉलॉजी टेक्निशियन आहे. हाडाचा तुकडा मऊ करणं, मेणात बसवणं, कापणं, रंगवणं हे माझं काम; निदान पॅथॉलॉजिस्टचं. पण ऐरोलीत आमच्या सोसायटीत कुणाचा बोन मॅरोचा, म्हणजे हाडातल्या मज्जेचा, रिपोर्ट आला की तो माझ्या दारी येतोच. खालच्या मजल्यावरच्या काकू परवा म्हणाल्या, "अगं, ह्यांच्या हाडात नव्या नसा फुटल्यात असं लिहिलंय. म्हणजे संपलंच का गं?" नाही, काकू. त्या एका ओळीवरून आयुष्य मोजायचं नसतं.

पहिल्यांदा नमुना कशाचा ते बघा. कमरेच्या मागच्या हाडातून सिरिंजने ओढतात तो पातळ मगज म्हणजे अ‍ॅस्पिरेट, आणि जाड सुईने काढतात तो हाडाचा बारीक दांडका म्हणजे ट्रेफाइन. रक्तवाहिन्या मोजायला मज्जेची मूळ रचना जागेवर लागते, म्हणून ट्रेफाइनच हवा. त्याची लांबी रिपोर्टच्या सुरुवातीला दिलेली असते. दीड सेंटिमीटरपेक्षा कमी असेल किंवा 'तुकडा चिरडलेला' असं लिहिलं असेल, तर पुढच्या आकड्यावर फार भिस्त ठेवू नका.

मग रंग कोणता वापरला ते शोधा. बहुतेक वेळा सीडी ३४ असतो, कधी सीडी ३१. सीडी ३४ ने रक्तवाहिनीचं अस्तर तपकिरी होतं, बाकी पेशींची केंद्रकं निळी राहतात. निरोगी मज्जेत चरबीच्या पांढऱ्या गोलांमधून एखाद-दुसरी बारीक तपकिरी रेघ जाते. मल्टिपल मायलोमाच्या (मज्जेतल्या प्लाझ्मा पेशींच्या कॅन्सरच्या) काही स्लाइडवर मात्र या प्लाझ्मा पेशींच्या झुंडीतून तपकिरी फाटेच फाटे दिसतात, वाकडेतिकडे, एकमेकांना छेदणारे. पॅथॉलॉजिस्ट आधी कमी भिंगाखाली सगळ्यात दाट जागा हेरतात आणि मग मोठ्या भिंगाखाली तिथल्या वाहिन्या मोजतात. हीच मायक्रोव्हेसल डेन्सिटी. यात एक मेख आहे: सीडी ३४ रक्ताच्या कोवळ्या पेशींनाही लागतो. त्यामुळे अ‍ॅक्यूट ल्युकेमियात (रक्ताच्या कॅन्सरात) ब्लास्ट म्हणजे अशा कोवळ्या पेशीही तपकिरी होऊ शकतात आणि मोजणी अवघड होते.

दाट जागा कुठली, भिंगाखालचं क्षेत्र केवढं, रंग कोणता, हे लॅबगणिक बदलतं. म्हणून ठाण्याच्या लॅबमधला आकडा नेरुळच्या पेशंटच्या आकड्याशी ताडून बघू नका. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर नकोच.

या वाहिन्या वाढतात कशाने? गाठीला वाढायला नव्या रक्तवाहिन्या लागतात, ही कल्पना ज्युडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडली. मायलोमाच्या पेशी आणि त्यांच्या शेजारच्या पेशी व्हीईजीएफसारखी प्रथिनं सोडतात आणि त्यांनी नव्या वाहिन्या फुटतात. एमजीयूएस या आधीच्या अवस्थेत त्या कमी असतात, सक्रिय मायलोमात जास्त. ज्यांच्यात खूप जास्त, त्यांचा आजार सरासरीने अधिक जोरकस असल्याचं अभ्यासांत दिसलं आहे. हे मी लपवणार नाही. पण सरासरी म्हणजे तुमचे काका नव्हेत.

आता खरं काम. ती ओळ बाजूला ठेवा आणि फाइलमधून बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन, अल्ब्युमिन, एलडीएच आणि फिश (पेशींच्या गुणसूत्रांची तपासणी) हे रिपोर्ट काढा. मायलोमाची स्टेज २००५ पासून पहिल्या दोघांवर ठरते. बीटा-२ साडेपाच (मिलिग्रॅम प्रति लिटर) किंवा त्यावर गेलं की तिसरी. २०१५ मध्ये त्यात एलडीएच आणि फिशवर दिसणारे गुणसूत्रांतले बदल आले. रक्तवाहिन्यांची मोजणी यात कुठेच नाही. तेव्हा ओपीडीत "नसा किती?" विचारण्याऐवजी "स्टेज कोणती, फिशमध्ये १७पी (सतराव्या गुणसूत्राचा एक भाग) गेलंय का?" असं विचारा, आणि उत्तर तिथल्या तिथे वहीत लिहून घ्या.

थॅलिडोमाइड या औषधाबद्दलही लोक विचारतात. वाहिन्या रोखेल या आशेने ते मायलोमात वापरून पाहिलं गेलं, आणि १९९९ मध्ये त्याचा गुण दिसल्याचं प्रसिद्ध झालं. पुढे २०१० मध्ये ते पेशीतल्या सेरेब्लॉन नावाच्या प्रथिनाला चिकटतं हे कळलं, म्हणजे त्याचं काम फक्त वाहिन्या रोखण्याचं नाही. त्यामुळे वाहिन्या जास्त म्हणजे हे औषध हमखास लागू पडेल, असं गणित मांडू नका. उपचारानंतरच्या बायोप्सीत वाहिन्या अजून दिसल्या तरी लगेच धास्ती नको. मज्जा निवळली तरी त्या काही काळ मागे राहू शकतात. औषध लागू पडलं का, हे एम-प्रोटीन (मायलोमाच्या पेशी रक्तात सोडतात ते प्रथिन) आणि प्लाझ्मा पेशींवरून बघतात.

दुसरं मत घ्यायला खारघरला टाटा कॅन्सर रुग्णालयाच्या अ‍ॅक्ट्रेकला किंवा परळला जाणार असाल, तर नुसता कागद नेऊ नका. लॅबकडे लेखी अर्ज देऊन मेणाचा ब्लॉक आणि स्लाइड मागून घ्या, ब्लॉकवरचा नंबर रिपोर्टशी जुळवा. ब्लॉक उन्हात तापलेल्या स्कूटरच्या डिकीत ठेवू नका, मेण मऊ पडतं. हातातल्या पिशवीत, सावलीत न्या, आणि जमा केल्याची पावती घ्या. काम झालं की तो त्याच पावतीवर परत मागायचा आहे.