वर्डमधला तक्ता मॅक्रोने भरताय? वेळ खाणाऱ्या या चुका टाळा

पतसंस्थेच्या मासिक अहवालातला थकबाकीदारांचा तक्ता: बाराशे ओळी, सहा रकाने, म्हणजे ७,२०० खाने. एक्सेलमधले आकडे उचलून वर्डमध्ये भरणारा मॅक्रो, म्हणजे ऑफिसच्या व्हीबीए भाषेतला छोटा प्रोग्राम, मी लिहिला. पहिल्या शंभरेक ओळी भराभर भरल्या, पुढे मात्र घाट चढणाऱ्या लाल डब्यासारखी गत झाली. मी कॉम्प्युटरला दोष दिला, जास्त रॅम मागितली. घोळ माझ्याच लूपमध्ये, म्हणजे तेच काम खान्यामागून खान्याला करणाऱ्या कोडमध्ये, होता.

काही बदलण्याआधी मोजून बघा. टायमर फंक्शन वापरून पहिल्या शंभर आणि शेवटच्या शंभर ओळींना लागलेला वेळ वेगवेगळा काढा. शेवटच्या शंभरांना बराच जास्त वेळ लागत असेल, तर पहिला संशय ‘सेल(ओळ, रकाना)’ या लिहिण्यावर घ्या.

ही एक्सेलची सवय. एक्सेलमध्ये प्रत्येक खान्याला स्वतःचा पत्ता असतो. वर्डचा तक्ता मात्र मजकुराच्या ओघात मांडलेली खान्यांची माळ आहे. नऊशेव्या ओळीतला खाना मागितला की वर्ड तिथपर्यंत शोधत जातं, आणि शेजारचा मागितला की पुन्हा तोच प्रवास. म्हणून ओळी दुप्पट झाल्या की वेळ दुप्पट होऊन थांबत नाही, त्याच्या कितीतरी पुढे जातो. त्याऐवजी तक्त्याच्या रेंजमधल्या सेल्सवर ‘फॉर ईच’ (एकामागून एक प्रत्येक खाना घेणारा लूप) लावा, किंवा हातात असलेल्या खान्यावरून ‘नेक्स्ट’ने पुढे सरका. पायथॉन-डॉक्स या वर्डच्या फाइली लिहिणाऱ्या पायथॉन लायब्ररीतही हेच दुखणं आहे: ‘टेबल.सेल’ दर वेळी खान्यांची सगळी यादी नव्याने बांधतं. यादी एकदाच घेऊन ठेवा.

दुसरा चोर ऑटोफिट. रकान्याची रुंदी मजकुरानुसार बदलण्याची मुभा असेल, तर एका लांबलचक आडनावापायी सगळा तक्ता पुन्हा मांडला जातो. लूपआधी ‘अलाऊऑटोफिट’ बंद करा, रुंदी स्वतः ठरवून द्या.

‘स्क्रीनअपडेटिंग, म्हणजे पडदा सतत नव्याने रंगवणं, बंद करा’ हा सल्ला सगळेच देतात. बरोबर आहे, पण कोणाचं स्क्रीनअपडेटिंग? मॅक्रो एक्सेलमध्ये चालत असेल, तर नुसतं ‘ॲप्लिकेशन’ लिहिलं की एक्सेलचा पडदा थांबतो, वर्ड आपलं रंगवतच राहतं. वर्डच्या ऑब्जेक्टचं नाव घेऊनच ते बंद करायला हवं. उलट बाजूने, ‘कॅल्क्युलेशन मॅन्युअल’ आणि ‘एनेबलइव्हेंट्स’ या एक्सेलच्या ओळी वर्डच्या मॅक्रोत जशाच्या तशा चिकटवलेल्या मी पाहिल्या आहेत. वर्डमध्ये त्या गोष्टीच नाहीत. वर्ड नुसतं ‘ॲज ऑब्जेक्ट’ म्हणून घेतलेलं असेल आणि वर ‘ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट’ (चूक आली तरी पुढे चला) असेल, तर ही तक्रारही गिळली जाते, आणि लिहिणाऱ्याला वाटतं, झालं काम.

मजकूर भरताना वर्ड पुन्हा पुन्हा पानं पाडतं. तेही थांबवायचं असेल तर क्रम लक्षात ठेवा. आधी ड्राफ्ट व्ह्यूमध्ये जा, मग ‘ऑप्शन्स.पेजिनेशन’ बंद करा. प्रिंट लेआउटमध्ये पानं पडत राहणारच.

‘बदललेलेच खाने लिहू’ ही कल्पना चांगली, पण तिथेही एक खाच आहे. खान्याच्या मजकुराच्या शेवटी वर्डची दोन अदृश्य अक्षरं असतात, १३ आणि ७ क्रमांकाची. रिकाम्या खान्याची लांबीसुद्धा २ भरते. ती दोन कापल्याशिवाय तुलना केलीत तर काहीच जुळत नाही, आणि मॅक्रो दर महिन्याला सगळेच खाने इमानेइतबारे पुन्हा लिहितो.

तक्ता मोठा असेल आणि साचा साधा, तर मी खान्यांच्या वाटेला जातच नाही. एक्सेलमधली सगळी रेंज एका फटक्यात ॲरेमध्ये (मेमरीतल्या यादीत) घ्यायची, ओळीओळीने ‘जॉइन’ करत एकच लांब मजकूर करायचा, तो वर्डमध्ये एकदाच टाकायचा आणि ‘कन्व्हर्टटूटेबल’ म्हणायचं. शेवटी तक्त्याची स्टाइल लावायची, तीही एकदाच, संपूर्ण तक्त्याला. हजारो फेऱ्यांऐवजी दोन-तीन. फक्त रकाने वेगळे करणारा विभाजक म्हणून स्वल्पविराम नको. आपल्याकडचे पत्ते, ‘मु. पो., ता., जि.’ करत, स्वल्पविरामांवरच जगतात. एका पत्त्याचे तीन रकाने होतील. उभी रेघ बरी. खान्याच्या आत ओळ तोडायची असेल तर एंटरऐवजी ११ क्रमांकाचं अक्षर घाला, नाहीतर तिथून तक्त्याची नवी ओळ सुरू होते.

तक्त्यात उभे जोडलेले खाने असतील आणि तुम्ही एकेक ओळ मागितलीत, तर ५९९१ ही एरर येते. साच्यातच जोडणी टाळा, किंवा भरून झाल्यावर शेवटी करा. ट्रॅक चेंजेस (दुरुस्त्यांची नोंद) चालू राहिलंय का, तेही बघा आणि भरताना बंद ठेवा. प्रत्येक खोडलेला आकडा फाइलमध्ये साचत जातो.

मराठीत काम करणाऱ्यांना आणखी एक ठेच लागते. व्हीबीएच्या खिडकीत ‘एकूण थकबाकी’ असं थेट टाइप केलं की प्रश्नचिन्हं उमटतात, कारण तो एडिटर युनिकोड जाणत नाही. मग लोक ‘सीएचआरडब्ल्यू’ (ChrW) या क्रमांकावरून अक्षर देणाऱ्या फंक्शनने एकेक अक्षर जोडत बसतात. शीर्षकं एक्सेलच्या एखाद्या शीटमध्ये ठेवून तिथून वाचा. मजकूर बदलला तरी कोडला हात लावावा लागत नाही.

आणि जे जे बंद केलंत ते परत चालू करणाऱ्या ओळी एरर हँडलरमध्येही, म्हणजे चूक आल्यावर चालणाऱ्या कोडमध्येही, लिहा. माझा मॅक्रो एकदा अर्ध्यात पडला, ट्रॅक चेंजेस बंदच राहिलं, आणि साहेबांनी केलेल्या दुरुस्त्या कुठल्या, हे नंतर कोणालाच सांगता येईना.