डॅशबोर्डखालच्या तिसऱ्या स्क्रूपर्यंत पोचायची तयारी

उन्हाळा लागला की आमच्या परभणीत गाडीच्या एसीचा ब्लोअर, म्हणजे हवा फेकणारा पंखा, आधी कुरकुरायला लागतो, इकडं धूळ काय कमी नाही, अन् तो काढायचा म्हणलं की बऱ्याच गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या खाली तीन स्क्रू असतात, दोन समोर दिसतात आणि तिसरा पार मागं, इंजिनच्या भिंतीला चिकटून. सगळा जीव त्या तिसऱ्यात जातो. एकदा आडवं पडून मान आत घातली की पुन्हा उठून हत्यार आणू वाटत नाही, मग हातात असंल त्यानंच माणूस जबरदस्ती करतो. मी तेच केलं होतं, लांब पेचकस तिरपा लावून जोर दिला, स्क्रूच्या डोक्यावरची फुल्लीची खाच गोल झाली अन् पुढचे दोन तास नुस्ता तो एक स्क्रू. म्हणून सगळं आधी जवळ मांडून घ्या.

काम सकाळी सातच्या आत धरा, मे महिन्यात पारा ४२ च्या वर गेल्यावर बंद गाडीत हात टेकवत नाही. सीट पूर्ण मागं सरकवा, बटणावरची सीट असंल तर बॅटरी काढायच्या आधीच. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, बहुतेक ठिकाणी १० चा पाना लागतो, आणि लगेच आत शिरू नका. एअरबॅगच्या सर्किटमधे चार्ज थोडा वेळ राहतो, तुमच्या गाडीच्या पुस्तकात लिहिलंय तेवढं थांबा, मी तर दहा मिनिटं चहाच घेतो. पिवळे कनेक्टर एअरबॅगचे असतात, त्याला हात लावायचाच नाही.

आता हत्यारं. बोटभर लांबीचा बुटका पेचकस, पाव इंची रॅचेट (मूठ मागंपुढं हलवली तरी एकाच दिशेला फिरवणारा दांडा), त्याला बसणारा बिट होल्डर (बिट म्हणजे पेचकसाचं सुटं टोक), ८ अन् १० ची गोटी, म्हणजे सॉकेट, एक छोटं अन् एक लांब एक्स्टेन्शन, एक युनिव्हर्सल जॉइंट, म्हणजे तिरपं फिरवता येणारा सांधा. रॅचेट घेताना दात विचारा बगा, हे लई महत्त्वाचं आहे. ७२ दातांचं रॅचेट ५ डिग्री फिरलं तरी पुढचा दात पकडतं, २४ दातांच्याला १५ डिग्री लागतात, आणि त्या कोपऱ्यात मूठ हलायला जागाच तेवढी नसते. बिट २ नंबर फुल्लीचा जास्त लागतो. दुकानात नुस्तं स्टार म्हणलं तर फुल्लीवालाच हातात देतात, सहा टोकांचा पाहिजे असंल तर टॉर्क्स म्हणा आणि नंबर सांगा, टी-२० का टी-२५. जपानी स्क्रूच्या डोक्यावर बारीक ठिपका असला तर साधा फुल्ली बिट त्यातून निसटतो, त्याला जेआयएसचा, म्हणजे जपानी मापाचा घ्या.

स्क्रू दिसत नसंल तर मोबाईलचा टॉर्च लावून व्हिडिओ चालू करा, फोन हळूच आत फिरवा, बाहेर काढून निवांत बघा. मग डोळे मिटून बोटानं त्याचं डोकं चाचपा, कोणत्या दिशेला तोंड आहे ते कळतं, अन् बिट त्याच रेषेत सरळ बसला पाहिजे. सुरवातीला फिरवण्यापेक्षा दाबण्यावर जोर जास्त.

खाली जुनी चादर अंथरा, स्क्रू पडला तर कार्पेटखाली जायला नको. तारेवाला मॅग्नेट असू द्या. दोनतीन वाट्या पण, कारण स्क्रूंची लांबी वेगवेगळी असते आणि लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला तर मागचं काहीतरी फोडतो. परत बसवताना बिटाच्या टोकाला ग्रीसचा टिपका लावला की स्क्रू चिकटून राहतो. प्लास्टिकमधे आधी उलटा फिरवायचा, बारीक टक् होतं, तिथून सुलटा, म्हणजे जुन्याच आट्यात बसतो. ब्लोअर वर चढवायच्या आधी पंखा बोटानं फिरवून बघा, आत काही खडखडलं तर एखादा स्क्रू वाटीत नसून त्यात पडलेला असतो.