उतारा वाढला, पण रान टिकेल का? दोन एकरांवर मोजायचं कसं

ज्या रानात वर्षाला एक पीक निघायचं, तिथं आता तीन निघतात. सोयाबीन, मग कांदा आणि विहिरीनं साथ दिली तर उन्हाळी भुईमूग. 2015-16 च्या कृषी गणनेनुसार देशातल्या सुमारे 86 टक्के खातेदारांकडे 2 हेक्टरपेक्षा कमी जमीन आहे, त्यामुळे आहे त्या रानातूनच जास्त काढावं लागणार. पण ही वाढ जमिनीच्या व्याजातून येतेय की मुद्दल मोडून, हे नुसता एकरी उतारा, म्हणजे एकरी उत्पादन, पाहून कळत नाही. त्यासाठी एक वही, एक टेप आणि तीन वर्षांचा धीर हवा.

1. तुकडा ठरवा. नेहमीच्या प्रतीची जमीन असलेले दहा गुंठे निवडा आणि दरवर्षी तिथंच मोजा. शक्य असेल तर शेजारी एक पट्टा जुन्याच पद्धतीनं करा. तो नसेल तर चांगल्या पावसाचं श्रेय आपण नव्या पद्धतीला देऊन बसतो.

2. उतारा वर्षाचा धरा. सोयाबीनसाठी 10 बाय 5 मीटरचा चौकोन आखा, त्यातलं पीक कापून, मळून, वाळवून वजन करा. ते किलोत घेऊन 81 नं गुणलं की एकरी उतारा निघतो. तिन्ही पिकांची बेरीज रुपयांत करताना पहिल्या वर्षीचेच भाव दरवर्षी वापरा, नाहीतर कांद्याची तेजी उताऱ्यातली वाढ वाटेल. खरा नफा वेगळ्या पानावर.

3. माती तपासा. उन्हाळ्यात, खत टाकण्याआधी, नागमोडी चालत दहा-बारा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा घ्या आणि त्याच्या कडेची वीतभर खोलीपर्यंतची माती काढा. बांध, झाडाखालची जागा आणि उकिरडा टाळा. सगळी माती एकत्र करून, चार भाग पाडून समोरासमोरचे दोन टाकत जा, अर्धा किलो उरेपर्यंत. ती माती तपासणीला दिली की मिळणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेत बारा गोष्टी येतात, पण माझ्या मते आधी सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या काडीकचऱ्यातून मातीत आलेला कार्बन, पाहावा. 0.5 टक्क्याखाली म्हणजे कमी, 0.75 च्या वर म्हणजे चांगला. तो सावकाश बदलतो, म्हणून तपासणी दर दोन-तीन वर्षांनी पुरते.

घरचीही एक परीक्षा आहे. सहा इंच व्यासाचा पाइपाचा तुकडा तीन इंच जमिनीत ठोका आणि आत 450 मिलिलिटर पाणी ओता, म्हणजे इंचभर पाणी होतं. पहिलं पाणी माती भिजवतं. दुसऱ्यांदा तेवढंच ओता आणि ते मुरायला लागलेली मिनिटं लिहा. वर्षागणिक मिनिटं वाढत गेली तर जमीन घट्ट होतेय.

4. विहीर मोजा. 2 ऑक्टोबर आणि 1 मे, या दोन तारखा पक्क्या करा. आदल्या रात्री मोटार बंद ठेवा, सकाळी काठावरच्या एकाच खुणेपासून पाण्यापर्यंत टेप सोडा. मोटारीचा उपसा काढायला 200 लिटरचं पिंप पुरतं. ते 40 सेकंदांत भरलं तर तासाला 18,000 लिटर. मोटार चाललेले तास लिहिले की कोणतं पीक किती पाणी पितं ते दिसतं. पाऊसही लिहा, कारण त्याच्याशिवाय विहिरीच्या आकड्याला अर्थ नाही.

5. गोण्या मोजा. 45 किलोच्या युरियाच्या गोणीत साधारण 20.7 किलो नत्र (नायट्रोजन) असतं. तेवढ्याच उताऱ्याला दरवर्षी जादा गोणी लागत असेल तर तो धोक्याचा इशारा समजा. शेणखताच्या गाड्या आणि पिकांचा बेवड, म्हणजे कोणत्या पिकामागं कोणतं पीक घेतलं, हेही त्याच पानावर लिहा.

6. घरच्यांचे तास लिहा. हे पान बहुतेक वह्यांत कोरंच राहतं आणि त्याचं मला फार वाईट वाटतं. तिसरं पीक आलं की खुरपणी वाढते, आणि ती बहुतेक घरांत बायकांच्याच अंगावर येते. नांगरटीचे पैसे ट्रॅक्टरवाल्याला रोख जातात म्हणून खर्चात दिसतात, घरच्या बाईचे दिवस दिसत नाहीत. हमीभाव सुचवणारा केंद्राचा कृषी खर्च व मूल्य आयोगसुद्धा घरच्या श्रमाचं मोल धरतो, मग आपण का धरू नये? रोज संध्याकाळी कोण किती तास राबलं ते लिहा आणि गावच्या मजुरीच्या दरानं नफ्यातून वजा करा. पण हा आकडा दुसऱ्यानं अंदाजानं भरू नये, तिलाच विचारा. कंबर धरली का, पोरीची शाळा बुडली का, हेही विचारून लिहा.

7. तीन वर्षांनी पानं शेजारी ठेवा. सगळ्यांना मिळून एकच गुण देऊ नका. नफा वाढला आणि मेमधली विहीर खाली गेली, तर सरासरीत दोन्ही लपतात. पाऊस सारखा असलेली दोन वर्षं ताडून पाहा. पाणी घटलं असेल तर आधी उन्हाळी पिकाला कात्री लावा. कर्ब घटला असेल तर काडीकचरा जाळणं थांबवा.

विहिरीचं पान मात्र घरात ठेवू नका. 1 मे आणि 2 ऑक्टोबरला ग्रामसभा असते, तिथं ते घेऊन जा, कारण तुमच्या विहिरीतलं पाणी शेजाऱ्याच्या बोअरमधूनही उपसलं जातं. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारात पावसाच्या मोजणीवरून पाण्याचा ताळेबंद गावासमोर मांडतात आणि त्यावर रब्बीची पिकं ठरवतात.