मान धरली की आधी या चुका टाळा

आमच्याकडे कोकणात मानदुखीचेही हंगाम आहेत. एप्रिल-मेमध्ये आंबा काढणारे येतात, जुलैत लावणी करून पाठ भरून आलेल्या बायका, गणपतीत रात्रभर गाडी हाकत आलेले चाकरमानी. मोबाइलवाले बारमाही. मी फिजिओथेरपिस्ट आहे. दुखणं प्रत्येकाचं वेगळं असलं तरी माझ्यापर्यंत पोचण्याआधी केलेल्या चुका त्याच त्याच असतात. त्यातल्या दोन चुका माणसाला आयुष्यातून उठवू शकतात, म्हणून त्या आधी.

सलूनमध्ये मान मोडून घेणं

देवगडकडचे एक बागायतदार, पन्नाशी उलटलेले. ऐन हंगामात दिवसभर झेला (आंबा उतरवायची जाळी लावलेली काठी) घेऊन वर बघायचं आणि रात्री मान खाली घालून आंबा निवडायचा, पेट्या भरायच्या. मान धरली. दाढीला गेले तिथे नेहमीसारखी मान मोडून घेतली. एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे, कटकट वाजलं, हलकं वाटलं. संध्याकाळी मानेच्या मागून डोक्यात कळ गेली, घर फिरायला लागलं, उलट्या झाल्या. घरच्यांना वाटलं ऊन लागलं. कोकम सरबत देऊन झोपवलं. सकाळी उठले तर पाऊल एका बाजूला जात होतं आणि जीभ जड झाली होती. तेव्हा कुठे गाडी गोव्यातल्या बांबोळीच्या मोठ्या हॉस्पिटलच्या दिशेने निघाली.

मानेच्या मणक्यांना दोन्ही बाजूंनी बारीक भोकं असतात आणि त्यांतून मेंदूच्या मागच्या भागाला रक्त नेणारी वाहिनी वर जाते. सगळ्यात वरच्या मणक्याशी ती वळसा घेते. मानेला अचानक पीळ दिला की तिथेच ती ताणली जाते. कधी तिचं आतलं अस्तर फाटतं, त्या जागी गुठळी धरते आणि ती मेंदूत गेली की लकवा. या माणसाचं तेच झालं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. त्यांची ती वेळ घरातच गेली. नंतर ते माझ्याकडे आले ते भिंतीला धरून चालायला शिकायला.

असं दर वेळी होत नाही, हे मलाही माहीत आहे. पण त्या ‘कट’ आवाजाने मणका जागेवर बसत नाही, सांध्यातल्या द्रवात वायूचा बुडबुडा होतो एवढंच. तेवढ्यासाठी हा धोका का घ्यायचा? दाढीला बसलात की आधीच सांगा, मानेला हात लावू नका. मान मोडल्यावर चक्कर, उलटी, बोलण्यात फरक, एकाचे दोन दिसणं, यांतलं काहीही झालं तर थेट मोठं हॉस्पिटल गाठा.

झाडावरून पडलेल्याला उचलून रिक्षात घालणं

आंब्याच्या नाहीतर माडाच्या झाडावरून माणूस पडतो आणि चारजण धावून त्याच्या बगलेत हात घालून बसवतात, पाणी पाजतात. भावना चांगली असते, पण मणका मोडलेला असेल तर त्या बसवण्याने मज्जारज्जूला इजा होते आणि हातपाय कायमचे जातात. त्याला पडल्या जागी राहू द्या. एकाने डोक्याच्या दोन्ही बाजूंना हात लावून डोकं आहे तसंच स्थिर धरायचं, दुसऱ्याने १०८ ला फोन लावायचा. हलवायचंच झालं तर डोकं, मान, धड एका रेषेत ठेवून, तीन-चारजणांनी मिळून, फळीवर. वाडीतल्या प्रत्येक पोराला हे माहीत असायला हवं, असं मी जिथे संधी मिळेल तिथे सांगते.

बाकीच्या चुका एवढ्या भयंकर नाहीत, पण दुखणं वर्षानुवर्षं मुरवतात.

मानेचा पट्टा महिनोन्‌महिने घालून बसणं. हाड मोडलेलं नसेल, ऑपरेशन झालेलं नसेल, तर पट्ट्याने स्नायू कमजोर होतात आणि मग पट्टा काढवत नाही. माझी मान धरली की मी पंधरा मिनिटं गरम पाण्याची पिशवी ठेवते आणि दुखेल तिथपर्यंतच, हळूहळू, मान दोन्हीकडे वळवते. तासा-दोन तासांनी पुन्हा. साधी धरलेली मान बहुतेकदा आठवड्या-दोन आठवड्यांत सुटते.

एक्स-रेमध्ये ‘गॅप’, म्हणजे मणक्यांमधली झीज, दिसला म्हणून घाबरून काम सोडणं. चाळिशीनंतर मणक्यांची झीज काहीही न दुखणाऱ्यांच्या एक्स-रेतही दिसते.

दोन-दोन उशा. एकच घ्या, मान आणि गादी यांच्यामधली पोकळी भरेल एवढी.

लावणीच्या दिवसांत अंग दुखतंय म्हणून ताप असतानाही मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणून खाणं. आपल्याकडे लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाणी-चिखलातून होणारा ताप) आहे, आणि त्यात मूत्रपिंडांवर आधीच ताण असतो, तो या गोळीने वाढतो. तापासोबत अंगदुखी असेल तर आधी प्राथमिक आरोग्य केंद्र.

आता सगळ्यात जुनी तक्रार: ‘व्यायाम केला, फरक नाही.’ किती दिवस केला विचारावं तर चार. स्नायूंत ताकद यायला सहा-आठ आठवडे लागतात, त्याला जवळची वाट नाही. आणि कारण तसंच ठेवून नुसता व्यायाम करण्यात अर्थ नाही. डोक्याचं वजन साडेचार-पाच किलो. २०१४ मध्ये एका अमेरिकन सर्जनने संगणकावर मांडलेल्या हिशोबानुसार मान ६० अंश वाकवली की मानेवर सुमारे २७ किलोचा भार येतो. म्हणून मी व्यायाम सांगण्याआधी काम करून दाखवायला लावते. काजू सोलणाऱ्या एका बाईंना दवाखान्यातच ताट घेऊन बसवलं. ताट मांडीत, हनुवटी छातीला, दोन्ही खांदे कानाशी. ताटाखाली स्टूल घेऊन ते छातीच्या उंचीला आणलं आणि पाठ भिंतीला टेकवली, तर खांदे आपोआप खाली आले. आंबा काढणाऱ्यांना मी सांगते, झाडाच्या बुंध्याशी उभे राहू नका, चार पावलं लांब राहून झेला लावा, आणि काढणारा व पेटी भरणारा तासाभराने बदला.

व्यायाम दोनच. हनुवटी सरळ मागे ओढून पाच आकडे मोजायचे, खाली झुकवायची नाही. आणि खांद्यांची दोन्ही पाती मागे एकमेकांकडे आणायची. दहा-दहा वेळा, दिवसातून तीनदा. चहाला उकळी येईपर्यंत माझे होतात. मान गरागरा फिरवणं सोडा.

हाताला मुंग्या येत असतील, ताकद कमी वाटत असेल तर मात्र व्यायामावर वेळ घालवू नका. शर्टाची बटणं लावताना बोटं अडखळतात, चप्पल पायातून निसटलेली कळत नाही, लघवीवर ताबा राहत नाही, हे मज्जारज्जू दबल्याचं लक्षण असू शकतं, ताबडतोब मणक्याच्या डॉक्टरांना दाखवा. ताप आणि मान ताठ झाली असेल तर मेंदूच्या आवरणाला सूज असू शकते. आणि पाठीत वर, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ येऊन दरदरून घाम फुटला तर तेल चोळत बसू नका, लगेच ईसीजी काढा.